दुरुस्ती, तीन वेळा

बाईंच्या मते प्रत्येक माणसाच्या डोक्यात एक हाउसिंग सोसायटी असते. वरच्या मजल्यांवरचे लोक शिकले-सवरलेले. ते कविता पाठ करतात, गणितं सोडवतात, जुनी भांडणं उकरून काढतात आणि इमारत आपल्यामुळेच उभी आहे अशा समजुतीत राहतात. खरी सोसायटी चालवतो सेक्रेटरी. तो बसतो तळाला, जिन्याखालच्या खोलीत, आणि खोली जेमतेम बदामाएवढी. टाकीत पाणी किती, गच्ची किती तापली, दिवे कधी मालवायचे, धान्य कधी संपतंय, हे सगळं तोच बघतो. त्याचे आभार कुणी मानत नाही आणि पाणी गेलं की मात्र सगळे त्याच्याच नावाने खडे फोडतात. या सेक्रेटरीचं खरं नाव हायपोथॅलॅमस. ते बाई वर्षातून एकदा फळ्यावर लिहायच्या आणि लगेच पुसून टाकायच्या.

बाई आम्हाला डोंबिवलीच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायच्या. उंच, काटकुळ्या, इस्त्रीची सुती साडी, आणि पर्समध्ये कंगव्याच्या जागी थर्मामीटर. ताप नसताना त्या रोज दोनदा स्वतःचा ताप मोजायच्या. कशा आहात, असं कुणी विचारलं तर लोक 'बरी आहे' म्हणतात, बाई 'सत्त्याण्णव पूर्णांक सहा' म्हणायच्या. माणसाचं अंग पहाटे सर्वांत गार असतं आणि संध्याकाळपर्यंत अर्धा-एक डिग्री वर चढतं, हे त्यांनी कित्येक वर्षं मोजून पाहिलं होतं. तेव्हा नवरा-बायकोने भांडायचं तर संध्याकाळी भांडावं, सकाळचं भांडण रंगत नाही, असा सल्ला त्या पालकसभेत बिनदिक्कत द्यायच्या. त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे हा भाग मोजून पाहिलेला नसावा.

त्यांचा तास मधल्या सुट्टीच्या आधीचा असायचा आणि तो त्यांनी मुख्याध्यापकांकडून भांडून मागून घेतलेला. कारण एकच, भूक शिकवायची तर भुकेल्या पोरांना शिकवावी. एकदा आम्ही प्रार्थनेला गेलो असताना त्यांनी वर्गातलं घड्याळ चाळीस मिनिटं पुढे केलं. तास सुरू झाला, आणि घड्याळात सुट्टीची वेळ जवळ येताच वर्गभर पोटं गुरगुरायला लागली. माझ्या शेजारची मुलगी तर बाकाखाली डबा उघडून बसली. बाईंनी शांतपणे स्वतःचं मनगटी घड्याळ दाखवलं. सुट्टीला अजून चाळीस मिनिटं होती. ही घड्याळाची भूक, त्या म्हणाल्या, पोटाची अजून यायचीय. पुढच्या घटक चाचणीत पाच गुणांचा प्रश्न होता: 'तुम्हाला आत्ता भूक लागली आहे की डबा आठवला आहे? फरक स्पष्ट करा.' मी लिहिलं होतं की आमच्या डब्यात रोज दुधीच असतो, त्यामुळे डबा आठवला की भूक जाते. बाईंनी मला पाचपैकी साडेचार दिले. अर्धा गुण हस्ताक्षराचा गेला.

तापाचा धडा तर मला आजही तोंडपाठ आहे. ताप चढताना अंग गरम असूनही थंडी का वाजते, हे पुस्तकात दोन ओळींत होतं आणि कुणालाच कळत नव्हतं. बाईंनी सोसायटी काढली. सेक्रेटरीने आज नोटीस लावली की इमारत एकशे दोनपर्यंत तापवायची. आत्ता आहे नव्व्याण्णव. म्हणजे हुकमापेक्षा तीन डिग्री कमी, म्हणून सगळे कुडकुडतात, गोधड्या ओढतात. जंतू गेले की सेक्रेटरी नोटीस फाडतो, मग इमारत उगाच जास्त तापलेली ठरते आणि घाम फुटतो. घाम फुटला की आई म्हणते ताप उतरला, तो उतरण्याचा हुकूम आधीच निघालेला असतो. आठवणींचंही तसंच. सोसायटीत एक आवक-जावक कारकून असतो. तो स्वतः काहीच साठवत नाही, आलेला कागद कुठल्या कपाटात ठेवायचा एवढंच बघतो, आणि बरंचसं काम आपण झोपलेलो असताना उरकतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी जागरण करणाऱ्याला बाई म्हणायच्या, कारकुनाला सुट्टी दिलीस, आता कागद शोधत बस.

आणि गाय. गाय गोठ्याची भिंत का चाटते, हा बाईंचा आवडता प्रश्न. कुणी म्हणायचं सवय, कुणी म्हणायचं भिंतीला पेंड लागलेली असेल. भिंतीला मिठाचा लोणा येतो, बाई सांगायच्या, आणि गायीला मीठ कमी पडलं की तिचा सेक्रेटरी ते मागवतो. तिला शाळेत कुणी शिकवलेलं नसतं. शरीर जे मागतं ते ऐकायला शिका, असं म्हणून त्या तास संपवायच्या.

या सगळ्याचा परिणाम असा झाला की दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत शरीराचं तापमान कोण नियंत्रित करतं, या प्रश्नाला आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी 'सेक्रेटरी' असं उत्तर लिहिलं. मीही लिहिलं. पेपर तपासणाऱ्याने काय समजून घेतलं देव जाणे. आम्ही रडकुंडीला येऊन बाईंकडे गेलो, तर त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. एक गुण जाऊ दे, उत्तर जन्मभर राहील, असं म्हणून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. आपल्या शिकवण्यात काही चूक असेल ही शक्यता बाईंच्या मनाला कधी शिवत नसे.

दुसऱ्यांच्या चुका मात्र त्या सोडत नसत. उत्तर चुकलं की वहीच्या मागच्या पानावर 'दुरुस्ती' असं शीर्षक द्यायचं, बरोबर वाक्य तीन वेळा लिहायचं, आणि खाली पालकाची सही आणायची. माझ्या वडिलांनी त्या दोन वर्षांत माझ्या वहीवर केल्या तेवढ्या सह्या बँकेत केल्या नसतील. आणि विज्ञानाच्या असल्या तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मराठीच्या सरांपेक्षा कडक. रोज फळ्यावर सुविचार लिहिताना त्यात एक चूक त्या मुद्दाम करायच्या. वेलांटी पहिली हवी तिथे दुसरी, नाहीतर उकार उलटा. आम्ही ती पकडेपर्यंत तास सुरू व्हायचा नाही. कुणीतरी हात वर करून चूक सांगितली की बाई डस्टरने ती पुसायच्या, 'वर्ग जागा आहे,' असं म्हणायच्या आणि मग शिकवायला लागायच्या.

मी लग्न होऊन कोपरला राहायला आले आणि सामान वर चढवत असताना तळमजल्याचं दार उघडलं. दारात बाई. निवृत्त झालेल्या, केस पांढरे, पर्स तीच. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी आशीर्वादाआधी माझी बॅच विचारली. मग म्हणाल्या, तुझं हस्ताक्षर सुधारलं का? मी वागळे इस्टेटमध्ये खोक्यांवरचा छापील मजकूर तपासण्याची नोकरी करते, असं सांगितल्यावर त्यांना फार समाधान वाटलं. दुरुस्तीचा उपयोग झाला म्हणाल्या.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या खऱ्या सोसायटीला सेक्रेटरी मिळेना, तेव्हा बाई झाल्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्या नोटिसा यायला लागल्या आणि नवीन बिऱ्हाडांची धांदल उडाली. 'दुपारी दोन ते चार ड्रिल मशीन लावू नये. या वेळेत माणसाला झोप येते ती जेवणामुळे, हा गैरसमज आहे. उपाशी माणसालाही येते. वामकुक्षी हा आळस नसून मेंदूचं वेळापत्रक आहे.' ही नोटीस इतकी पसरली की शेजारच्या दोन सोसायट्यांनी ती जशीच्या तशी लावली. बाई गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं, पण ती आमच्या बोर्डावर अजून आहे आणि काढायची कुणाची छाती नाही.

मग तो उन्हाळा आला ज्यात तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात चक्कर येऊन पडले. अंगात पाणीच नव्हतं. तहान लागली नाही, असं ते सांगत होते आणि ते खोटंही नव्हतं. बाईंनी पुस्तकं काढली, दोन दिवस वाचलं आणि निकाल दिला. म्हातारपणी सेक्रेटरीच्या टेबलावरची घंटी वाजेनाशी होते. टाकी रिकामी होते तरी त्याला पत्ता लागत नाही. तेव्हा घंटी आपण बाहेरून वाजवायची. निवृत्तीच्या वेळी शाळेने त्यांना जुना पितळी टोल भेट दिला होता. तो त्यांनी दाराच्या चौकटीला टांगला आणि सकाळी आठपासून दर दोन तासांनी टोल द्यायला सुरुवात केली. टोल झाला की इमारतीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एक पेला पाणी प्यायचं. आजोबा महिन्याभरात खडखडीत बरे झाले. बाईंचा दबदबा असा वाढला की दुधवाला सुद्धा टोल ऐकून पाणी मागायला लागला.

त्याच सुमारास माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्या खाडीकाठच्या मिठागराच्या गावातल्या. मिठागराला त्या आगर म्हणायच्या. आगरात समुद्राचं पाणी घ्यायचं, उन्हाने ते आटवायचं आणि तळाशी मिठाचा थर, म्हणजे साका, धरला की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ओढून ढीग करायचे, हे त्यांनी लहानपणापासून केलेलं. मीठ 'होतं' असं त्या म्हणत नसत, 'पिकतं' म्हणायच्या. चौथीपर्यंत शाळा झाली होती, पण अक्षरओळख त्याआधीच. आगराच्या वाटेवर पाटी म्हणून लावलेल्या फळीवर मोठ्या अक्षरांत 'मीठ' लिहिलेलं होतं आणि ते कोळशाने गिरवून गिरवून त्या लिहायला शिकल्या. त्या सगळ्यांना, अगदी डॉक्टरलाही, तू म्हणायच्या. बाईंनाही. दोघींचं चांगलं जमलं. दुपारी बाईंकडे बसून त्या स्वतःचा ताप मोजून घ्यायच्या आणि वर येऊन मला आकडा सांगायच्या.

सासूबाईंना ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरांनी जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी दिली आणि मीठ कमी करा म्हणून सांगितलं. कमी म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. माझा स्वभाव असा की एकदा करायचं म्हटलं की पुरतं करायचं. लोणच्याची बरणी शेजारी दिली, पापड बंद, सुकट घरात आणायची नाही, आणि त्यांची आमटी-भाजी वेगळी, बिनमिठाची. मला वाटलं, कशी सून आहे मी. त्यांनी पहिल्या दिवशी एक घास घेतला आणि ताट जरासं पुढे सरकवलं. "आमी मीठ पिकवलं गो," त्या म्हणाल्या, "आन् मनाच मीठ नाय." मना म्हणजे मला.

त्यात उन्हाळा वाढला. बाईंनी टोल दोन तासांवरून दीड तासावर आणला. सासूबाई बाईंचा शब्द खाली पडू देत नसत, प्रत्येक टोलाला पेला रिकामा. आणि दिवसेंदिवस त्या मीठ मागत होत्या. आधी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे, मग कामवालीकडे. एकदा मी ऑफिसमधून आले तर ओट्यापाशी उभं राहून मुठीतलं खडेमीठ चाटत होत्या. मी ओरडले, मुठीतलं मीठ काढून घेतलं आणि डबा कपाटात कुलपात ठेवला. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

मग त्या बाईंकडे गेल्या. हे मला बाईंनीच सांगितलं, मोठ्या आत्मविश्वासाने. सासूबाई त्यांच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या की सून देत नाही, तू चिमूटभर दे. बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, सोसायटीची सगळी रचना समजावून सांगितली आणि म्हणाल्या, "वहिनी, ही मागणी जिभेची आहे, सेक्रेटरीची नाही. पाणी प्या." आणि पेला भरून दिला. सासूबाई तो प्यायल्या.

पुढच्या आठवड्यात त्या बदलल्या. जेवायच्या नाहीत, मळमळतं म्हणायच्या, दुपारभर पडून राहायच्या. नावं चुकायला लागली. मला त्या त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागल्या. आणि एका रविवारी बघते तर त्या फरशी पुसायचा वायपर घेऊन हॉलमध्ये, खिडकीपासून दारापर्यंत, कोरडी लादी ओढत होत्या. ओढायचं, दाराशी ढीग केल्यासारखं थांबायचं, परत खिडकीशी जायचं. काय करताय विचारलं तर म्हणाल्या, आभाळ आलंय, साका भिजंल. बाहेर रखरखीत ऊन होतं. माझा नवरा बाथरूममध्ये जाऊन रडला.

आम्ही बाईंना वर बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग आमच्याशी हळू बोलल्या. आवक-जावक कारकून गेला, म्हणाल्या. आजचे कागद कपाटात जात नाहीत, त्यामुळे जुनी कपाटं उघडी पडली आहेत. हा म्हातारपणाचा आजार, याला फारसा इलाज नसतो, तुम्ही मनाची तयारी करा. उन्हाळा आहे, पाणी मात्र वाढवा. आम्ही मनाची तयारी केली. मी दिवसा घरी थांबणाऱ्या बाईची चौकशी सुरू केली. नणंदेला फोन करून सांगितलं की आई आता आपल्याला ओळखेनाशी होणार आहे, येऊन भेटून जा. इतक्या लवकर कसं झालं, असं ती विचारत राहिली आणि मी तिला सेक्रेटरी आणि कारकून समजावत राहिले.

दोन दिवसांनी, अकराच्या टोलानंतर, बाईंचा मला ऑफिसात फोन आला. आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता. रोज टोलानंतर सासूबाई गॅलरीतून रिकामा पेला उलटा करून दाखवायच्या, त्या दिवशी दिसल्या नाहीत म्हणून बाई दोन मजले चढून आल्या होत्या. त्यांच्याकडे ठेवलेल्या आमच्या किल्लीने दार उघडलं. सासूबाई पलंगावर होत्या, श्वास चालू होता, पण हाका मारून डोळे उघडत नव्हत्या. मी पोचेपर्यंत बाईंनी शेजारच्यांना घेऊन त्यांना दवाखान्यात नेलंही होतं.

तिथली डॉक्टर तिशीची पोरगी. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन तिने आम्हाला दोनच प्रश्न विचारले. मीठ किती खातात? अजिबात नाही, मी सांगितलं. पाणी किती पितात? त्यावर मी बाईंकडे पाहिलं आणि बाईंनी आकडा सांगितला. तिने पेन खाली ठेवलं. सोडियम खूप खाली गेलंय, ती म्हणाली. गोळीने मीठ बाहेर जातंय, जेवणातून येत नाही, आणि वरून नुसतं पाणी. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूत शिरतं, मेंदूला सूज येते, माणूस भ्रमात जातो. हा स्मृतिभ्रंश नाही. आता मीठ हळूहळू वर आणायचं, घाई केली तरी धोका. पुढचे दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही. मग तिने सहज विचारलं, त्या मीठ मागत नव्हत्या का? बऱ्याचदा मागतात.

आम्ही दोघी बाहेर बाकावर येऊन बसलो. मला बाईंचा राग आलेला, स्वतःचा त्याहून जास्त. बोलायचं नव्हतं, पण माझ्या तोंडून नववीतला प्रश्न गेला.

"बाई, गाय भिंत का चाटते?"

बाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. बाकावर उभं केलेल्या मुलीने घालावी तशी त्यांनी मान खाली घातली.

"मिठासाठी," त्या म्हणाल्या. आणि मग, "मला येत होतं गं हे."

त्या घरी गेल्या आणि त्यांनी टोल उतरवला. व्हॉट्सॲपवर नोटीस आली: 'पाण्याचं वेळापत्रक बंद करण्यात येत आहे. प्रत्येकाने किती पाणी आणि किती मीठ, हे आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. सगळ्यांना एक टोल लावणं ही चूक होती. ती सेक्रेटरीची होती.' खाली तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी नमस्काराचे हात टाकले.

तीन दिवस आम्ही आळीपाळीने बसलो. मी सासूबाईंच्या उशाशी बसून त्यांच्या तळहाताकडे बघायची, जो मी जबरदस्तीने उघडला होता. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले. नर्सने भरवलेला डाळभाताचा घास तोंडात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अळनी हाय गो." एवढा गोड शब्द मी आयुष्यात ऐकला नाही. पण डॉक्टरने आम्हाला हुरळू दिलं नाही. बोलतायत हे चांगलंच आहे, म्हणाली, डोकं पूर्ण ताळ्यावर आलंय की नाही ते एक-दोन दिवसांत कळेल. आणि खरंच, त्या संध्याकाळी त्यांनी मला परत बहिणीच्या नावाने हाक मारली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. हातात शंभरपानी वही. खुर्ची ओढून पलंगाजवळ बसल्या, सासूबाई टक्क जाग्या होत्या. बाईंनी प्रस्तावना केली नाही. "वहिनी, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बरोबर मागत होतात. मी ऐकलं नाही." मग त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून पुढे केलं. वर शीर्षक, 'दुरुस्ती'. खाली एकच वाक्य तीन वेळा: मीठ मागणाऱ्या माणसाला पाणी पाजू नये, का मागतो ते आधी विचारावं. त्याखाली एक रेघ आणि रेघेखाली 'पालकाची सही'.

सासूबाईंनी माझ्याकडे चष्मा मागितला. मी तो त्यांच्या नाकावर बसवला. त्यांनी वही जवळ घेतली आणि बोट ठेवून वाचायला लागल्या, एकेक अक्षर, ओठ हलवत. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. बाई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या आणि माझ्या लक्षात आलं की त्या वहीकडे बघतच नव्हत्या, सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तिसऱ्या ओळीला बोट सुरुवातीलाच थांबलं.

"यो काय लिवलास?"

"मीठ," बाई म्हणाल्या.

"यो मीठ नाय." सासूबाईंनी वही फिरवून त्यांच्यापुढे धरली. "मिठाला दुसरी येलांटी. आमच्या आगराच्या फलीवर हाय. परत लिव."

बाईंनी पेन काढलं आणि वही गुडघ्यावर घेऊन ते वाक्य चौथ्यांदा लिहिलं. सासूबाईंनी ते तपासलं. मग पेन मागून घेतलं आणि रेघेच्या वर सावकाश सही केली, पूर्ण नाव, पुढे कुणी विचारलं नसताना गावाचंही नाव. पेन परत देताना माझ्याकडे वळल्या, माझ्या स्वतःच्या नावाने मला हाक मारली आणि म्हणाल्या की कपाटाची चावी आता तरी काढ.

मी बाईंना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. छापलेल्या मजकुरातल्या चुका शोधणं हा माझा धंदा आहे, आणि ही चूक मला पटत नव्हती. चाळीस वर्षं ज्यांनी अख्ख्या डोंबिवलीच्या वेलांट्या सरळ केल्या, त्यांच्या हातून 'मीठ' चुकतं? आणि पहिल्या दोन ओळींत बरोबर, तिसरीतच चुकतं?

"बाई," मी विचारलं, "ती वेलांटी मुद्दाम ना?"

बाईंनी लिफ्टचं बटण दाबलं. वही छातीशी धरलेली होती. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आधी डोळे भरून आले, आणि ज्या बाईंना मी कधी घाम पुसतानाही पाहिलं नव्हतं त्या माझ्या खांद्याला धरून हमसून हमसून रडल्या. लिफ्ट आली, उघडली, बंद होऊन गेली. मग त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि नाकावर नीट बसवला.

"वर्ग जागा आहे," त्या म्हणाल्या, आणि जिन्याने खाली उतरल्या.